तीन ग्रॅमची झेंडी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर गेल्या पंधरवड्यात आमच्या भागातील नेमबाज मुलामुलींविषयी वृत्त आले होते. पन्नास मीटर रायफल प्रकारात त्यांना अपेक्षेपेक्षा कमी गुण मिळाले आणि ऐनवेळी सुटलेल्या वाऱ्याने घात केला, असे त्यात म्हटले होते. खेड्यातील मुलांची दखल घेतल्याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. परंतु वाऱ्याचा उल्लेख त्यात जणू गारपिटीसारखा झाला आहे, आणि हीच समजूत आमच्या मुलांचे वर्षानुवर्षे नुकसान करीत आली असल्यामुळे हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे. मी सत्तावीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले, त्यांतील बरीच वर्षे एनसीसीचे काम पाहिले आणि निवृत्तीनंतर तालुक्यातील एका परवानाधारक रायफल क्लबच्या लहानशा रेंजवर सरावाच्या वेळी हजर असतो. उघड्या रेंजवर वारा रोज असतो. तो किती आहे आणि कोणीकडून येतो आहे, हे मुलांना दाखवणारी झेंडी मात्र आपल्याकडे कोणी विचार करून निवडलेली नसते.

ज्या वाचकांचा या खेळाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी काही आकडे आधी देतो. या प्रकारात .२२ बोअरची गोळी वापरतात. तिचे वजन सुमारे २.६ ग्रॅम असते आणि ती सेकंदाला साधारण ३२५ मीटर, म्हणजे ध्वनीपेक्षा किंचित कमी वेगाने निघते. पन्नास मीटर जायला तिला सेकंदाच्या सहाव्या भागाएवढा वेळ लागतो. टार्गेटवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढा असतो, आणि त्यापुढचे प्रत्येक वर्तुळ आठ मिलिमीटर बाहेर असते. ताशी दहा किलोमीटरचा आडवा वारा, ज्याला वावरात काम करणारा माणूस वारा म्हणणारही नाही, या गोळीला टार्गेटवर दीड सेंटिमीटरच्या आसपास बाजूला सारतो. नेम अचूक, श्वास स्थिर, ट्रिगर स्वच्छ, आणि तरीही दहाच्या जागी नऊ, क्वचित आठ. थ्री पोझिशन प्रकारात गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून अशा साठ गोळ्या दीड तासात मारायच्या असतात. त्यांपैकी वीस गोळ्यांच्या वेळी जरी वारा वाचता आला नाही, तरी निकाल कुठे जाऊन पडतो हे सांगायला नको. अधिक वेगवान गोळी घेतली म्हणजे वारा कमी लागेल, असे काही पालक सुचवतात. .२२ च्या बाबतीत घडते ते नेमके उलट, कारण ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा अवरोध एकदम वाढतो. म्हणूनच स्पर्धेच्या गोळीचा वेग मुद्दाम त्याखाली ठेवलेला असतो.

वाऱ्याचा हा परिणाम किती मोठा आहे हे मान्य करूनच आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने आपल्या नियमांत विंड फ्लॅगची, म्हणजे आमची मुले जिला झेंडी म्हणतात तिची, मापे घालून दिली आहेत. पन्नास मीटरच्या रेंजवर झेंडी ५० मिलिमीटर रुंद आणि ४०० मिलिमीटर लांब असावी, म्हणजे रुंदीला चार बोटांपेक्षाही कमी आणि लांबीला हातभरापेक्षा थोडी आखूड. कापड सुती प्रकारचे असावे आणि त्याचे वजन दर चौरस मीटरला साधारण १५० ग्रॅम असावे. फायरिंग पॉइंटपासून, म्हणजे खेळाडू जिथून गोळी मारतो तिथून, १० मीटरवर एक आणि ३० मीटरवर दुसरी, अशा झेंड्या दोन लेनच्या मधल्या रेषेवर उभ्या कराव्यात. त्या गोळीच्या मार्गाच्या जमेल तितक्या जवळच्या उंचीवर असाव्यात, पण गोळीच्या किंवा खेळाडूच्या नजरेच्या आड येऊ नयेत. रंग पार्श्वभूमीवर उठून दिसणारा असावा. दुरंगी किंवा पट्ट्यांची झेंडी चालते, किंबहुना नियमांत तिचीच शिफारस आहे. तीनशे मीटरच्या रेंजसाठी दूरच्या झेंड्यांची मापे निराळी, २०० बाय ७५० मिलिमीटर, आणि अंतरेही निराळी आहेत; पण तो विषय आमच्या तालुक्यापर्यंत अजून आलेला नाही.

या मापांचा गुणाकार करून पाहिला तेव्हा मला स्वतःला फार आनंद झाला होता. पाच सेंटिमीटर गुणिले चाळीस सेंटिमीटर म्हणजे दोनशे चौरस सेंटिमीटर, आणि १५० ग्रॅमच्या हिशेबाने तेवढ्या कापडाचे वजन बरोबर तीन ग्रॅम. गोळी अडीच ग्रॅमच्या वर, झेंडी तीन ग्रॅम. एवढ्याशा वजनाच्या कापडाकडे पाहून एवढ्याशा वजनाच्या शिशाचा हिशेब मांडायचा, हेच या खेळातले निम्मे शिक्षण आहे, असे मी मानतो.

आता प्रत्यक्षात काय चालते ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका निवड स्पर्धेला मी मुलांना घेऊन गेलो होतो. आयोजकांनी कष्ट पुष्कळ घेतले होते. पाणी, सावली, वेळापत्रक यांत काही कमी नव्हते. झेंड्या म्हणून मात्र लग्नाच्या मांडवाला लावतात तशा चमकदार प्लास्टिकच्या त्रिकोणी पताका एका दोरीत ओवून बटच्या, म्हणजे टार्गेटमागच्या मातीच्या बांधाच्या, माथ्यावर, टार्गेटपेक्षा दोन पुरुष उंच बांधल्या होत्या. सकाळी नऊ वाजल्यापासून दुपारी एकपर्यंत त्या पताका एकसारख्या फडफडत राहिल्या. सकाळच्या झुळुकीत त्या जशा आडव्या होत्या तशाच दुपारच्या जोराच्या वाऱ्यातही होत्या. अकरावीत शिकणाऱ्या आमच्या एका मुलीने पहिल्या वीस गोळ्या सुरेख मारल्या आणि पुढच्या डावात तिच्या गोळ्या उजवीकडे खाली जाऊ लागल्या. तिने क्लिक दिले, म्हणजे नेम सरकवणारा स्क्रू एकेक घर फिरवला, मग काढले, मग पुन्हा दिले. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, “सर, झेंड्या तर सगळा वेळ सारख्याच उडत होत्या, मग गोळ्या दोन ठिकाणी कशा गेल्या?” या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी माझ्याजवळ नव्हते. आमच्या स्वतःच्या रेंजवरही तेव्हा मुलींच्या वेणीला बांधायच्या सॅटिनच्या रिबिनी लावलेल्या होत्या, त्यामुळे दोष एकट्या आयोजकांना देणे न्यायाचे होणार नाही.

उत्तर पुढच्या उन्हाळ्यात मिळाले, आणि झेंडी निवडताना मी आज जे काही पाहतो ते सर्व त्या उत्तरातूनच आले आहे. झेंडीला स्वतःची एक मर्यादा असते. हलक्या कापडाची झेंडी वाऱ्याच्या पहिल्या स्पर्शाला उठते, हा तिचा गुण आहे. पण ताशी आठ-दहा किलोमीटरलाच ती पूर्ण आडवी झाली की त्यापुढे वारा दुप्पट झाला तरी ती आणखी आडवी होऊ शकत नाही. जाड कापडाची झेंडी जोराच्या वाऱ्यातले फरक दाखवील, पण सकाळच्या मंद वाऱ्यात ती काठीला चिकटून लोंबत राहील आणि वारा नाही असे खोटेच सांगेल. आपल्या रेंजवर ज्या वेळी नेमबाजी होते त्या वेळी जेवढा वारा असतो, त्या सगळ्या टप्प्यात जी झेंडी वेगवेगळ्या कोनात उभी राहते ती चांगली. ज्वारीच्या वावरात पाखरांसाठी कॅसेटची फीत ताणतात. ती वाऱ्याने गुणगुणते, चमकते, पण वारा किती हे कधीही सांगत नाही. सॅटिन, पॉलिस्टर, पतंगाचा कागद, दुकानातली प्लास्टिकची फीत या सर्वांची जात तीच. दीडशे ग्रॅमचे सुती कापड मधल्या टप्प्यात सर्वांत जास्त बोलते, आणि नियम करणाऱ्यांनी तेच का निवडले असावे हे सुती आणि सॅटिनची अशा दोन्ही झेंड्या शेजारी शेजारी लावून तासभर पाहिल्यावर आपोआप समजते.

याहूनही महत्त्वाचे कारण वेगळेच आहे. मूल झेंडीचा कोन पाहते आणि त्या कोनाला किती क्लिक द्यायचे हे हजारो गोळ्यांच्या सरावातून त्याच्या अंगात मुरते. ही ओळख वाऱ्याशी थेट होत नसून त्या विशिष्ट कापडाच्या मार्फत होत असते. सॅटिनच्या रिबिनीवर दोन वर्षे शिकलेले मूल पुण्याच्या बालेवाडीसारख्या रेंजवर सुती झेंडीसमोर जाते तेव्हा तिथला अर्धवट उठलेला कोन त्याला हलका वारा वाटतो. वास्तविक त्याच्या गावच्या रिबिनीने तेवढ्या वाऱ्यात केव्हाच फडफडाट केला असता. म्हणून सरावाची झेंडी आणि स्पर्धेची झेंडी एकाच वजनाची, एकाच मापाची असली पाहिजे, ही माझी आग्रहाची मागणी आहे. महागड्या रायफली, जाकिटे, विदेशी गोळ्या यांच्या बाबतीत शहरातील मुलांशी बरोबरी करणे आमच्या पालकांना शक्य नाही, हे मी जाणतो. झेंडीच्या बाबतीत ती बरोबरी याच महिन्यात करता येते, आणि तीही अगदी किरकोळ खर्चात.

आम्ही पांढऱ्या सोन्याच्या जिल्ह्यात राहतो. कापड बाहेरून आणायचे कारण नाही. मांजरपाटाचे दोन-तीन प्रकार तालुक्याच्या कोणत्याही कापडदुकानात मिळतात, आणि वर्ध्याकडची हातमागाची खादीही यासाठी उत्तम चालते. मात्र दुकानदार सांगेल त्यावर विसंबू नये. नव्या मांजरपाटात खळ असते. तिने कापड ताठ राहते आणि वजनही वाढते. आधी ते दोनदा गरम पाण्यात धुऊन, वाळवून, आटायचे तेवढे आटू द्यावे. मग त्यातला दहा सेंटिमीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद तुकडा काटेकोर कापून सोनाराच्या काट्यावर ठेवावा. तो दीड ग्रॅमच्या जवळपास भरला तर ते कापड आपले. आमच्या गावच्या सराफांनी पहिल्यांदा आश्चर्याने पाहिले, पण आता दरवर्षी दिवाळीनंतर ते स्वतःच विचारतात की यंदाचे कापड मोजायला केव्हा आणणार. शिवताना काठ दुमडून दुहेरी शिलाई मारू नये, कारण सगळे वजन कडेला जमते आणि झेंडी ताठ पट्टीसारखी वागते. एकेरी इंटरलॉक पुरेसे आहे. रंग आम्ही एका बाजूने भगवट नारिंगी आणि दुसऱ्या बाजूने पांढरा ठेवतो. पावसाळ्यात मागे हिरवे, हिवाळ्यात बटची काळी माती, उन्हाळ्यात वाळलेले पिवळे गवत, या तिन्हींवर नारिंगी उठून दिसतो. लाल आणि हिरवी अशी जोडी टाळावी, कारण काही मुलांना त्या दोहोंतला फरक कळत नाही आणि ती ते बोलूनही दाखवत नाहीत. आमच्याकडच्या उन्हात रंग एका मोसमात उडतो, तेव्हा दरवर्षी नव्या झेंड्या शिवाव्यातच.

काठीविषयी थोडक्यात. लोखंडी सळई रेंजमध्ये गोळीच्या वाटेजवळ कधीही रोवू नये. तिच्यावरून गोळी उसळू शकते. बांबूची बारीक कामटी सर्वांत बरी. झेंडी काठीला सरळ बांधली तर वारा फिरला की ती काठीभोवती गुंडाळली जाते आणि मुलाला ते गोळी मारल्यावर कळते. आम्ही कामटीच्या टोकावर सायकलच्या स्पोकचा छोटा तुकडा बसवतो, त्यावर बॉलपेनची रिकामी नळी सरकवतो आणि झेंडी त्या नळीला शिवतो, म्हणजे ती सगळीकडे मोकळी फिरते. पावसाने किंवा दवाने भिजलेली झेंडी वजनाने कितीतरी वाढते. अशी झेंडी काढून कोरडी लावावी. ती काढायला किंवा सोडवायला पुढे जाण्याआधी सर्व रायफली रिकाम्या, बोल्ट उघडे आणि चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागी, सुरक्षा झेंडी (रायफल रिकामी असल्याची खूण) घातलेली आहे, हे रेंज अधिकाऱ्याने पाहिल्याशिवाय कोणीही फायरिंग लाइन ओलांडू नये. हे मी शंभरदा सांगितले आहे आणि इथेही सांगतो.

आता जागेचा विषय, आणि माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे ते इथेच. गोळीच्या वाटेत सुरुवातीला लागलेला वारा शेवटी लागलेल्या वाऱ्यापेक्षा अधिक नुकसान करतो, कारण सुरुवातीला तिची दिशा जेवढी वळते ते वळण उरलेल्या सगळ्या अंतरात वाढत जाते. म्हणून दहा मीटरवरची झेंडी ही पहिली साक्षीदार. ग्रामीण रेंजवर नेमकी हीच झेंडी नसते. असली तर एकच, बटजवळ असते, कारण तिथे लावणे सोयीचे आणि दिसायला शोभेचे असते. आमच्या रेंजच्या पश्चिमेला एका शेतकऱ्याचे वावर आहे. आषाढात पेरणी झाल्यावर भाद्रपदापर्यंत तिथे पऱ्हाटी (कपाशी) आणि तुरीच्या ओळी वाढतात, आणि मार्गशीर्ष-पौषात तूर डोक्याइतकी उंच होऊन पश्चिमेचा वारा पुष्कळसा अडवते. मध्येच एक पांदण रेंजला काटकोनात येऊन मिळते, आणि तिच्या तोंडातून वारा नळीतून यावा तसा येतो. तो बरोबर तीस मीटरच्या आसपास रेंज ओलांडतो. त्या दिवसांत दहा मीटरची झेंडी लोंबत असते आणि तीस मीटरची आडवी असते. तूर कापली गेली, कापसाचा हंगाम संपून उलंगवाडी झाली, शेतात तुराट्यांच्या पेंढ्या तेवढ्या राहिल्या, की फेब्रुवारीत एकदम दोन्ही झेंड्या आडव्या होतात. तोच खेळाडू, तीच रायफल, तोच वारा, पण गोळी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक सरकते. आधी लिहिलेल्या मुलीचा प्रश्न मला सुटला तो याच वावराच्या धुऱ्यावर बसून. एकच झेंडी असती तर तो कधीही सुटला नसता.

त्या उत्तराचा दुसरा भागही सांगतो, कारण अनेक प्रशिक्षकांनाही तो नवा वाटतो. रेंज बहुधा उत्तरेकडे तोंड करून बांधतात, म्हणजे ऊन डोळ्यांवर येत नाही. तेव्हा आपला पश्चिमेचा वारा खेळाडूच्या डावीकडून येतो. उजव्या पिळाच्या नळीतून (जिच्या आतल्या खाचा उजवीकडे वळत जातात) निघालेली गोळी अशा वाऱ्यात नुसती उजवीकडे जात नाही. ती किंचित खालीही जाते, घड्याळातल्या चारच्या दिशेने. वारा उजवीकडून आला तर ती डावीकडे आणि वर, दहाच्या दिशेने जाते. गोळीच्या फिरकीमुळे हे होते. नुसत्या आडव्या क्लिकने हे दुरुस्त होत नाही, आणि मुलाला वाटते की आपला श्वास चुकला. झेंडीचा कोन आणि गोळीची जागा वहीत शेजारी शेजारी लिहिली तर पंधरा दिवसांत ही तिरकी रेघ स्वतःच दिसू लागते. वारा अगदी समोरून किंवा पाठीमागून असेल तेव्हा झेंडी आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर तोंड करते आणि आखूड दिसते. मुलांना तो निरुपद्रवी वाटतो. खरे म्हणजे तो सर्वांत फसवा, कारण थोडी दिशा बदलली की तो एकदा डावीकडचा आणि एकदा उजवीकडचा होतो. दुरंगी झेंडीचा खरा उपयोग इथे आहे: नारिंगी दिसता दिसता पांढरी दिसू लागली की डोळ्यांच्या कडेनेही कळते की बाजू बदलली, आणि ट्रिगरवरचे बोट थांबते.

अलीकडे काही मुलांनी इंटरनेटवर पाहून पंख्याच्या झेंड्यांची मागणी केली आहे. जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखा पंखा, त्यामागे दोन रंगांची पाती आणि शेवटी एक शेपटी, अशी तिची रचना असते. बेंचरेस्ट नावाच्या, रायफल बाकावर टेकवून मारण्याच्या वेगळ्या प्रकारात नेमबाज स्वतःच्या अशा झेंड्या रेंजवर मांडतो आणि तिथे त्या फारच उपयोगी पडतात. अगदी मंद वाऱ्यातही दिशा आणि वेग दोन्ही दिसतात. सरावासाठी एखादी आणायला माझी हरकत नाही. पण पंखा एकदा फिरू लागला की वारा पडल्यावरही काही क्षण फिरत राहतो, आमच्या धुळीने त्याचे बेअरिंग लवकर अडते, आणि मुख्य म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांखालच्या स्पर्धेत खेळाडूला स्वतःचे वारादर्शक साधन लावता येत नाही. तिथे समोर असते ती सुती पट्टीच. ज्याच्यावर शेवटी विसंबता येणार नाही त्याची सवय मुख्य साधन म्हणून लावू नये, असे माझे मत आहे. पैसे जमलेच तर पंख्यापेक्षा हातात धरायचे एक वेगमापक यंत्र क्लबने घ्यावे आणि आपली झेंडी ताशी पाच, दहा, पंधरा किलोमीटरला किती अंशांत उठते हे एकदा मोजून भिंतीवर लिहून ठेवावे. विमानतळावर असते तशी कापडी नळी या अंतरासाठी फार सुस्त आहे. तिचा विचारही करू नये.

उन्हाळ्याच्या रेंजविषयी एक जोड द्यावी लागेल. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, आधीपासूनच आमच्याकडे सकाळी साडेनऊनंतर जमिनीवरून झळा उठू लागतात आणि दुर्बिणीतून टार्गेट पाण्यात असल्यासारखे हलते. या झळाही वारा दाखवतात. त्या ज्या बाजूला वाहतात तिकडे वारा वाहत असतो, आणि त्या सरळ वर उकळताना दिसल्या तर वारा पडलेला तरी असतो किंवा समोरून-मागून असतो. झेंडी ज्या मंद वाऱ्याला उठत नाही तो झळांत दिसतो. तरीही झळांनी टार्गेटची जागाच सरकल्यासारखी भासते, म्हणून नवशिक्यांनी झेंडीवरच विसंबावे आणि वावटळींच्या दिवसांत सराव सकाळी आठच्या आत संपवावा.

हे सर्व आमच्या लोकांना शिकणे अवघड आहे असे मला कधीच वाटले नाही. खळ्यावर धान्य उपणताना तिव्यावर उभा असलेला माणूस पाटी ओतण्याआधी मूठभर भुसा सोडून पाहतो, वारा खाली बसला तर हात थांबवतो आणि पुन्हा उठला की नेमक्या त्याच धारेत धान्य सोडतो. चांगला नेमबाज वाऱ्यात हेच करतो: एक नेहमीचा वारा निवडतो, झेंडी त्या कोनात आली की गोळी सोडतो, नाही आली की रायफल खांद्यावरून उतरवून थांबतो. माझ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी लहानपणी आजोबांबरोबर खळ्यावर काम केले होते त्यांना थांबणे सर्वांत लवकर जमले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, आणि त्याआधी २०१० साली म्युनिकला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत पन्नास मीटर प्रोन (पालथे पडून) प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. तेव्हापासून आमच्या भागातही या प्रकाराकडे मुले वळू लागली आहेत, ठिकठिकाणी रेंज उभारण्याची बोलणी सुरू आहेत आणि अंदाजपत्रके तयार होत आहेत. त्यांत कुंपण, शेड, बट, फलक, उद्घाटनाचा मंडप या सर्वांसाठी ओळी असतात. मी पाहिलेल्या दोन अंदाजपत्रकांत झेंडीसाठी एकही ओळ नव्हती. दहा लेनच्या रेंजला, दोन्ही कडांच्या रेषा धरून, दहा आणि तीस मीटरवर मिळून बावीस झेंड्या पुरतात, बदलीच्या धरून चव्वेचाळीस. पन्हा मीटरभराचा असेल तर त्यासाठी एक मीटर कापड पुरून उरते, मग शिंप्याची मजुरी आणि बांबूच्या कामट्या. क्रीडा विभागातील संबंधितांनी आणि ज्या शाळा-महाविद्यालयांत एनसीसीची फायरिंग होते तिथल्या शिक्षकांनी ही ओळ आपल्या कागदात आजच घालून घ्यावी.

आपल्याकडे माझी एक विनंती आहे. नियमांचे पुस्तक खेड्यापर्यंत पोहोचत नाही, आपला अंक मात्र सकाळी सातच्या एसटीने पोहोचतो. पत्र लांबल्यामुळे कापावे लागले तर माझा अनुभव खुशाल कापावा, पण पाच बाय चाळीस सेंटिमीटर, दीडशे ग्रॅमचे सुती कापड, दहा आणि तीस मीटर, हे आकडे चौकटीत छापावेत. ज्यांना नमुन्याची झेंडी हवी असेल त्यांना ती आमच्या क्लबकडून विनामूल्य मिळेल. यंदाचे कापड मागच्या सोमवारी काट्यावर दीड ग्रॅमला थोडे कमी भरले आहे आणि शिंप्याकडे गेले आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व माजी एनसीसी अधिकारी,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ